राहिलेला रोजा

रहिमाबीनं बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली लेकीच्या हातात दिली.

"पी."

महेकनं बाटली घेतली, मांडीवर उभी धरली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याखालच्या बाकावर बसलेल्या बहुतेक बायकांची पोटं पुढे आलेली होती. काउंटरवरची मुलगी मघाशीच सांगून गेली होती, पोटावरून तपासणी करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते, भरपूर पाणी प्या आणि जोरात लागली की मला सांगा. मागून आलेल्या बायका आत जाऊन परतही गेल्या. महेकच्या बाटलीतलं पाणी मात्र गळ्यापर्यंत तसंच होतं.

"अगं, पी ना. घरी जायचंय आपल्याला."

"पिते."

ती पीत नव्हती. रहिमाबीनं बुरख्याची बाही मागे सारून घड्याळ पाहिलं. ईदचं कापड घ्यायला जळगावला जाऊन येतो, असं सांगून दोघी सकाळी नशिराबादहून रिक्षात बसल्या होत्या. कापडाला लागतो तेवढाच वेळ त्यांच्या हातात होता, आणि परतताना हातात कापडाची पिशवीही दिसायला हवी होती. संध्याकाळची वेळ मागावी, तर इफ्तारच्या तोंडावर घरातल्या दोन बायका गायब कशा होणार? ईदनंतरची मागावी, तर ईद झाली की लगेच दोंडाईच्याचे पाहुणे महेकला पाहायला येणार होते. मुलाचं, जुनैदचं, तिथे हार्डवेअरचं दुकान होतं. घर चांगलं होतं आणि मुलगी पुढे शिकली तरी त्यांची हरकत नव्हती. असं स्थळ वाट पाहत बसत नाही.

शेजारी बसलेली म्हातारी हे सगळं बघत होती. एरंडोलकडची होती, सुनेला घेऊन आलेली. तिला गप्प बसवेना.

"पी ले ना व माय," ती महेकला म्हणाली. "मनी वहूनी बठ्ठी बाटली पिधी. पानी नई पिधं तं मशीनमां काय दिसाव नई."

महेक नुसती हसली.

"तुनी पोर शे?" म्हातारीनं रहिमाबीला विचारलं.

"हो."

"लगीन व्हयेल शे का?"

"नाही अजून."

"मंग आठे कसाले उनात?"

म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण समोरच्या दोघींनी माना वळवल्या. लग्न न झालेली पोर अशा ठिकाणी का येते, याचं लोकांकडे एकच उत्तर तयार असतं.

"पोट दुखतं तिचं," ती घाईनं म्हणाली. "केव्हापासून दुखतंय."

महेकनं आईकडे पाहिलं. तिचं पोट कधी दुखलं नव्हतं. दुखलं असतं तर रहिमाबीनं मोहल्लाभर साखर वाटली असती.

महेकला अठरावं सरलं तरी पाळी आली नव्हती. बाकी सगळं वयाप्रमाणे झालं होतं. अंगानं ती चारचौघींसारखीच भरली, उंच झाली, आरशासमोर वेळ घालवू लागली. आधी रहिमाबीनं वाट पाहिली. मेथीचे लाडू केले, तीळ-गूळ खाऊ घातला. मग एके दिवशी तिच्या थोरल्या जावेच्या, जमीलाबींच्या माहेनूरला पाळी आली. माहेनूर महेकपेक्षा लहान. जमीलाबींनी सहज विचारलं, "महेकचं कधी सुरू झालं गं? बोलली नाहीस ते," आणि रहिमाबीच्या तोंडून निघून गेलं, "तिचं तर केव्हाचंच."

बस, एवढंच. पण असं एक वाक्य म्हणजे दारात बांधलेलं जनावर, त्याला रोज चारा घालावा लागतो. दर महिन्याला मेडिकलमधून कागदात गुंडाळलेलं पाकीट आणायचं, जमीलाबींच्या नजरेला पडेल असं ठेवायचं आणि मग गुपचूप भुसावळच्या बहिणीकडे धाडून द्यायचं. एका घरात, एका नळावर वावरणाऱ्या बायकांपासून काही लपवणं सोपं नाही, आणि रमजानात तर नाहीच नाही. पाळीच्या दिवसांत बाईनं रोजा धरायचा नसतो, नमाज पढायची नसते. सुटलेले रोजे ईदनंतर कजा म्हणून भरून काढायचे असतात. कोणाचा कधी रोजा नाही, हे पुरुषांना सांगत नाहीत, बायकांना मात्र न सांगता कळतं. जी मुलगी महिनाभर एकही रोजा सोडत नाही, तिच्याकडे पहिल्या वर्षी कौतुकानं बघतात आणि दुसऱ्या वर्षी निरखून बघतात.

म्हणून रहिमाबीनंच दिवस ठरवून टाकले. दर रमजानात मधले काही दिवस महेकला पहाटे सेहरीला उठवायचं नाही. दुपारी मागच्या खोलीत तिच्यापुढे ताट ठेवायचं, तेही जमीलाबी तिथून जात असताना. पहिल्या वर्षी महेक ताटापुढे बसून रडली होती.

"गुनाह होईल ना, अम्मी?"

"माझ्या माथी," रहिमाबी म्हणाली होती. मग पोर निमूट जेवू लागली, आणि ईदनंतर बडी अम्मीबरोबर, म्हणजे जमीलाबींबरोबर, आणि माहेनूरबरोबर ते रोजे भरून काढू लागली.

यंदाही तेच दिवस चालू होते. म्हणून तर रहिमाबीनं तपासणीसाठी आजचा दिवस धरला होता. आज महेकला पाणी प्यायला कुणाची आडकाठी नव्हती.

या बाकापर्यंत त्यांना आणलं ते नूतन मॅडमनी. नूतन चौधरी जळगावच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीला बायॉलॉजी शिकवत. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. आवाज असा की एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हाक पोचावी. प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. फळ्यावर आकृती काढायच्या, गर्भाशय म्हणायच्या, योनी म्हणायच्या. मुली वहीत डोकं खुपसून बसायच्या आणि मॅडम म्हणायच्या, "वर बघा. हात, पाय, कान म्हणताना लाजता का? मग हीसुद्धा नावंच आहेत."

पाळीचं चक्र शिकवून झालं त्या दिवशी महेकनं हात वर केला.

"मॅडम, नाही आली तर?"

वर्गात हशा पिकला. पाळी नाही आली म्हणजे काय, एवढं तर पोरींना ठाऊक होतं. मागून कुणीतरी "मुबारक हो" म्हणालं. मॅडमही हसण्याच्या बेतात होत्या. मग त्यांना महेकचा चेहरा दिसला.

"चुकली तर, असं विचारतेस का?"

"नाही. आलीच नाही तर. कधीच."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "सोळापर्यंत नाही आली तर डॉक्टरांना दाखवायचं," त्या नेहमीपेक्षा हळू बोलल्या. "कारणं बरीच असतात. काहींवर इलाज असतो, काहींवर नसतो. पण काय आहे ते कळलेलं बरं." आणि वर्ग सुटल्यावर त्यांनी महेकला थांबवून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी रहिमाबीला कॉलेजात बोलावलं. स्टाफरूममध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

"डॉक्टर काय करणार, मॅडम?" रहिमाबी म्हणाली. "द्यायचं असतं तर वरच्यानंच दिलं असतं. पोरीवर उगाच शिक्का बसेल."

"निदान तिला कळेल तरी. शरीर तिचं आहे, रहिमाताई."

"आणि मूलबाळ होणार नाही असं कळलं तर? काय करायची मग ती?"

नूतन मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे केळीच्या बागा आहेत. केळीला बी नसतं. म्हणून तिला कुणी कमी लेखत नाही."

"केळीला कुणी पाहायला येत नाही, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला. वर्गात कुणाला हार न जाणारी बाई, पण त्या क्षणी तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. "खरंय," त्या म्हणाल्या. "चुकीचं बोलले मी." त्यांनी एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, सोबत येते असंही म्हणाल्या. रहिमाबीनं मान डोलावली आणि परीक्षा होऊ दे, थंडी सरू दे, असं म्हणत दिवस ढकलले. पण दोंडाईच्याचा निरोप आला आणि तिची झोप उडाली. पोर परक्या घरी धाडायची आणि तिथे ते सगळं उघड व्हायचं, मग पोरीचं काय होईल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. बारावीचा शेवटचा पेपर झाला तशी ती महेकला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. आपल्याला कळून घ्यायचं, पण दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"महेक पिंजारी!" काउंटरवरून हाक आली. "लागली का लघवी?"

"नाही अजून," रहिमाबीनं सांगितलं.

"पाणी पिऊनच झालेलं नाही की! डॉक्टर मॅडम थोड्या वेळानं निघतील हं. नाहीतर मग उद्या या."

रहिमाबीचा धीर सुटला. ती दबल्या आवाजात म्हणाली, "काय चाललंय तुझं? एक बाटली पाणी घशाखाली जात नाही?"

महेकनं झाकण उचललं आणि बाटलीला नीट लावलं.

"माझा रोजा आहे, अम्मी."

"आज? आज कसा असेल? तुझे तर..." दिवस हा शब्द तिच्या जिभेवर येऊन अडला. तो त्या दोघींनी एकमेकींशी बोलायचा शब्द नव्हता. तो जमीलाबींना ऐकवायचा होता.

"सगळे धरलेत मी. एकही सोडला नाही."

"आणि मी रोज ताट देत होते ते?"

"बादशहानं खाल्लं."

बादशहा म्हणजे बकरीदसाठी पाळलेला बोकड. महेक अभ्यासाला म्हणून ताट घेऊन छतावर जायची आणि बोकड तिच्या मागोमाग जिना चढायचा, हे रहिमाबीनं स्वतः पाहिलं होतं. तिचा नवरा नूर महंमद गाद्यांच्या दुकानातून आला की बोकडाच्या पाठीवर थाप मारायचा. "सगळं घर रोज्यानं वाळलं आणि हा गडी बघा कसा फुगलाय," असं तो परवाच म्हणाला होता. सगळे हसले होते. महेकही हसली होती.

"सेहरी न करता?" रहिमाबीनं विचारलं.

"रात्री पाणी पिऊन झोपायचे."

मार्चचं ऊन, त्यात परीक्षेचं जागरण, आणि पोर पहाटेचा घास न घेता दिवस काढत होती. आपण मात्र तिचं पांघरूण सारखं करून, आवाज न करता, बाकीच्यांबरोबर सेहरीला बसत होतो. तिला रडू येत होतं, पण आधी आला तो राग.

"कशासाठी? मी म्हटलं होतं ना, माझ्या माथी म्हणून?"

"तेव्हा मला वाटायचं, आज ना उद्या येईल. आली की सगळं खरं होऊन जाईल." महेक बाटलीवरचा कागद नखानं खरवडत होती. "मॅडमनी शिकवल्यावर कळलं, कदाचित येणारच नाही. मग मी सुट्टी कशाची घेत होते?"

"बरं, ते घरी बोलू. आता पी. तपासणीला चालतं. आजाऱ्याला सूट असते."

"मी आजारी आहे?"

रहिमाबीनं झाकण पुन्हा काढलं.

"सांग ना. बडी अम्मीला तू सांगतेस, हिचे दिवस आहेत. या आजीला सांगितलंस, पोट दुखतं. अब्बांना सांगितलंस, कापड आणायला चाललो. मला सांगतेस, काही नाही, होईल सगळं ठीक. मी रोजा मोडते, अम्मी. पण कोणत्या सबबीवर मोडू? खरी अशी एक तरी सांग."

ती चिडून बोलली असती तर रहिमाबीनं तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. पण महेक चिडली नव्हती. शाळेत असताना गणित अडलं की जशी आईजवळ येऊन उभी राहायची, तशी ती विचारत होती. आणि तेव्हासारखंच, उत्तर रहिमाबीलाही येत नव्हतं. आत कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. म्हातारीची सून उठली, पोट सांभाळत आत गेली.

"आहेस," रहिमाबी म्हणाली.

"काय?"

"आजारी म्हण, नाहीतर वेगळी म्हण. मला नाव माहीत नाही त्याचं. तुझ्या पोटात काहीतरी बाकीच्या पोरींसारखं नाही, हे मला किती वर्षांपासून कळतंय, महेक. मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरते असं म्हणायची मी मनाला, पण खरं म्हणजे लोकांना घाबरत होते. अजूनही घाबरतेय." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "ही सबब खरी आहे. आता पी, बाळा."

महेकनं डोळे मिटले. तिचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग बिस्मिल्ला म्हणून तिनं बाटली तोंडाला लावली आणि न थांबता पीत राहिली. पाणी हनुवटीवरून ओघळलं तरी तिला भान नव्हतं. एवढी तहान घेऊन पोर रोज आपल्यासमोर वावरत होती, हे रहिमाबीला आत्ता दिसलं. दुसरी बाटली तिनं स्वतः उठून भरून आणली.

"आसं!" म्हातारी खूश होऊन म्हणाली. "आते बठ्ठं दिसी."

आत डॉक्टर बराच वेळ महेकच्या पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. एकदा इकडून, एकदा तिकडून, परत तिथेच. महेकची नजर पडद्यावरून हलली नाही. मग डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"ही दोन अंडाशयं. दोन्ही चांगली आहेत. त्यांचं काम नीट चालू आहे, म्हणून तुझी वाढ व्यवस्थित झाली. गर्भाशय मात्र दिसत नाही. जन्मापासूनच तयार झालेलं नाही, असं वाटतंय. नक्की सांगायला एमआरआय करावा लागेल. काही मुलींच्या बाबतीत असं असतं. कुणाच्या चुकीनं होत नाही, खाण्यापिण्यानंही होत नाही."

"म्हणजे पाळी येणार नाही," महेक म्हणाली.

"नाही येणार."

"आणि मूल?"

"पोटात वाढवता येणार नाही. लग्न होऊ शकतं, संसार होऊ शकतो. त्यासाठी काही उपचार लागले तर तुमच्या डॉक्टर समजावून सांगतील. फक्त ज्याच्याशी लग्न करशील, त्याला हे आधी माहीत असावं." डॉक्टर रहिमाबीकडे वळल्या. "इतके दिवस का नाही आणलंत हिला?"

"आता आणलं ना, मॅडम," महेकच म्हणाली, आणि पोट पुसायला तिनं हात पुढे करून कागद मागितला.

परतीच्या रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. हायवेवरून केळीचे ट्रक जात होते. रहिमाबीनं तिचा हात हातात घेतला. तिनं तो घेऊ दिला.

"ती आकृती आली होती पेपरात," महेक म्हणाली.

"कोणती?"

"बाईच्या पोटातली. काढून नावं द्यायची होती. मी सगळी बरोबर दिली, अम्मी. गर्भाशयसुद्धा."

आणि मग ती रडायला लागली. नशिराबाद येईपर्यंत रडत होती. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि चालू असलेलं गाणं बंद केलं. कापड घ्यायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. घरी जमीलाबींनी पिशवीबद्दल विचारलं तेव्हा रहिमाबीनं "पसंत पडलं नाही काही" असं सांगून टाकलं. सवयीनं सांगून टाकलं आणि ती भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या पहाटे तिनं महेकला सेहरीला उठवलं.

ईद झाली. नूर महंमदला तिनं दुकानात जाऊन सांगितलं, कारण घरात ते सांगायला जागाच नव्हती. तो पिंजलेल्या कापसात हात घालून बसून राहिला. "पोरीला माहीत आहे?" एवढंच त्यानं विचारलं. आणि दोंडाईच्याच्या लोकांना काय कळवायचं, असं तिनं म्हटल्यावर, "तू म्हणशील तसं." बायकांच्या गोष्टीत तो नेहमी असंच म्हणायचा. रहिमाबीला त्याचा राग आला आणि कीवही आली.

ईदचे पाहुणे ओसरले त्या दुपारी दोघी जावा ओसरीवर बसून एका गादीच्या कडेला टाके घालत होत्या. लग्नसराईच्या गाद्यांचं काम आलं की दुकानातलं थोडं घरी यायचं. एका बाजूला जमीलाबी, दुसऱ्या बाजूला रहिमाबी, मध्ये लाल फुलांची गादी. बादशहा खांबाला बांधलेला होता. महेक छतावर कपडे वाळत घालत होती, तिच्या पावलांचा आवाज खाली येत होता. रविवारी दोंडाईच्याचे लोक यायचे होते.

"सोमवारपासून कजा धरू म्हणते," जमीलाबी म्हणाल्या. "माझे आहेत, माहेनूरचे आहेत. महेकचेही असतील आठवडाभराचे. सगळ्यांनी एकदम धरले म्हणजे सेहरीला एकदाच चूल पेटेल."

रहिमाबीचं दाभण कापडात अर्धं शिरलं होतं. 'हो भाभी' एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं ते म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती.

"महेकचा एकच आहे," ती म्हणाली.

"एक कसा? किती दिवस तर तिचा रोजा नव्हता."

"एकच राहिलाय, भाभी. जळगावला मी तिला सोनोग्राफीला नेलं होतं, तेव्हा पाणी प्यावं लागलं, तो. बाकी सगळे धरलेत तिनं." रहिमाबीनं दाभण ओढून बाहेर काढलं. "दर वर्षी सगळे धरता आले असते तिला."

जमीलाबींनी ओढता ओढता दोरा सोडून दिला. त्यांनी रहिमाबीकडे पाहिलं, मग वर छताकडे. बाई काही दूधखुळी नव्हती. कपाटावरची पाकिटं, मागच्या खोलीतली ताटं, एकेक गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर येऊन जाताना रहिमाबीला दिसत होती. आता त्या ओरडतील, आता फसवलंस म्हणतील, म्हणून ती मान खाली घालून थांबली.

"दोंडाईच्याला सांगितलंस?" जमीलाबींनी विचारलं.

"आज सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"येणार नाहीत मग ते."

"नाही येणार."

जमीलाबींनी दाभण उचललं, पुढचा टाका घातला आणि ओढून घट्ट केला. छतावरची पावलं थांबली होती.

"आणि तू ताट वाढायचीस ते? मी बघायचे ना येता-जाता."

"यंदा बोकडाला घातलं तिनं. मलाही कळू दिलं नाही. सेहरीसुद्धा न करता रोजे धरले, भाभी. एकटीनं."

जमीलाबींनी खांबाकडे, बोकडाकडे पाहिलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"सोमवारी हाक मार तिला," त्या म्हणाल्या. "एकच असला म्हणून काय झालं? आमच्याबरोबर बसून जेवेल आणि मग धरेल."

रहिमाबीनं मान हलवली. तिच्या दाभणातला दोरा निसटला होता आणि तिला तो ओवता येईना. जमीलाबींनी गादीवरून हात पुढे करून दाभण घेतलं, दोरा ओवला आणि तिच्या हातात परत दिलं.